सफरचंद, पेनिसिलिन आणि पिंपरी

नार्नियाच्या सात पुस्तकांपैकी माझा जीव कायम 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये अडकलेला. कपाटातून बर्फाच्या राज्यात शिरणारी मुलं सर्वांनाच ठाऊक असतात. ते राज्य मुळात जन्मलं कसं, रानात दिव्याचा खांब आला कुठून, हे सांगणारी कादंबरी ही. ती पहिली वाचावी की सहावी, हा वाद जुना आहे. 1957 मध्ये एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात खुद्द लेखक सी. एस. लुईसने कथेच्या काळाप्रमाणे वाचण्याच्या बाजूने कौल दिला. मला तो पटत नाही. आधी कोडं पडावं, मग उत्तर मिळावं.

कादंबरी मे 1955 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आपल्या एच.ए.मध्ये, पेनिसिलिन तयार होऊ लागलं. हा निव्वळ योगायोग. पण धागा ओढत गेलं की तो ऑक्सफर्डला पोचतो.

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. तो सुधारू लागला. औषध इतकं तुटपुंजं, की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा टोचत होते. तेही संपलं आणि तो गेला. लुईस तेव्हा त्याच शहरात मॉडलिन कॉलेजात शिकवत होता. जून 1949 मध्ये तो स्वतः स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाने कोसळला. त्याला दर तीन तासांनी पेनिसिलिनची सुई देण्यात आली आणि तो बरा होऊन घरी परतला.

आता या कादंबरीच्या एका जुन्या खर्ड्याकडे. रॉजर लॅन्सलिन ग्रीन या मित्राला लुईसने त्याच महिन्यात एका नव्या गोष्टीची सुरुवात वाचून दाखवली होती. तिच्यातल्या डिगरीला झाडांशी आणि खारीशी बोलता येतं. शेजारच्या पॉलीसाठी तराफा करायचा म्हणून तो ओकची फांदी तोडतो आणि ती शक्ती गमावतो. मग मिसेस लफे ही त्याची जादूगार धर्ममाता अवतरते आणि लिखाण तुटतं. वॉल्टर हूपरने हा तुकडा 1979 मध्ये छापला. लुईसच्या भावाने पेटवलेल्या कागदांच्या होळीतून आपण 1964 मध्ये हस्तलिखितं वाचवली, असं हूपर सांगत असे. कॅथरिन लिंडस्कूग या अभ्यासिकेने 1988 मध्ये अख्खं पुस्तक लिहून हूपरवर बनावटीचे आरोप केले. या तुकड्यापुरता मी हूपरच्या बाजूचा. ग्रीनने ऐकलेल्या गोष्टीत मिसेस लफे होतीच.

मला खुणावतं ते त्या तुकड्यात नसलेलं. तिथे आजारी आई नाही. छापील पुस्तकात मात्र वडील हिंदुस्थानात नोकरीला, आई मरणपंथाला आणि डिगरी मामाच्या घरी; शेवटी आईला बरं करतं ते एक जादूचं सफरचंद. लुईसची स्वतःची आई फ्लोरा 1908 मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पेनिसिलिनने ती वाचली नसती. तरी ज्या औषधाच्या नवलाईने लुईसला स्वतःला उभं केलं, तिचा हात डिगरीच्या सफरचंदामागे असावा, असं मी मानतो. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही.

त्या सफरचंदाला एक अट आहे. बागेच्या फाटकावर बजावलेलं असतं, की फळ तोडायचं ते दुसऱ्यासाठी. चोरून तोडलेलं फळही गुण देतं, पण त्यातून सुख मिळत नाही. डिगरी मोह आवरतो, फळ नार्निया घडवणाऱ्या अस्लान या सिंहाला देतो आणि मगच त्याला आईसाठी एक मिळतं.

पेनिसिलिनच्या बागेतही हेच भांडण झालं. संशोधक अर्न्स्ट चेनला पेटंट हवं होतं. ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या एडवर्ड मेलनबीने ते नीतीला धरून नाही म्हणून रोखलं. पुढे उत्पादनाच्या पद्धतींवर ब्रिटनमध्येच पेटंट घेतली ती अमेरिकेच्या अँड्र्यू मोयरने! कादंबरीतल्या मामाचं नावही अँड्र्यूच. नार्नियाच्या ताज्या मातीत पडलेल्या लोखंडी दांड्यातून दिव्याचा खांब उगवलेला पाहून मामाला सुचतं काय, तर इथे भंगार पुरायचं, त्यातून रेल्वेची इंजिनं आणि युद्धनौका उगवतील, आणि आपण मालामाल. भोसरी-चाकणच्या वाचकाला हा मामा अनोळखी वाटू नये.

मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखी यांचा आग्रह नेमका उलट होता. औषधं देशातच, सार्वजनिक मालकीत बनावीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये एच.ए. उभी राहिली. मुलांसाठीच्या निधीतून आलेली यंत्रं, गावाशेजारी निर्वासित सिंधी बांधवांचा कॅम्प, आणि एमआयडीसी अजून यायची होती. आजच्या उद्योगनगरीची जन्मकथा इथून सुरू होते. इथेच डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघालं.

2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.ए.ची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडायची आणि मग कंपनीही विकायची, असं ठरवलं. जमिनीचा भाव सगळ्यांना कळतो. पण तिथल्या पेनिसिलिनच्या टाक्यांवर पाळ्या केलेली माणसं अजून पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. महापालिकेने, नाहीतर एखाद्या महाविद्यालयाने, त्यांच्या आठवणी आणि कागद आत्ताच गोळा करावेत. लुईसच्या कागदांना होळीतून वाचवणारा कुणीतरी होता म्हणे, एच.ए.च्या कागदांसाठी तशी वेळ येऊ देऊ नये.