क्षमा आणि पडद्यावरील समुपदेशक

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत ज्या भावाने खोटा दस्तऐवज पुढे केला, त्याला क्षमा करणे म्हणजे त्याच्यावरील दावा काढून घेणे किंवा पुन्हा त्याच्या पंगतीस बसणे नव्हे, हे जो समुपदेशक पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो, तो मोबाइलच्या पडद्यावर भेटला तरी विश्वासास पात्र समजावा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी क्षमेच्या उपचाराचे चार टप्पे कल्पिले आहेत. पहिला टप्पा दडपलेला क्रोध ओळखण्याचा, आणि निर्णय, प्रयत्न व अर्थशोध हे त्यानंतरचे. तेव्हा आरंभीच क्षमेचा उपदेश करणारा इसम, त्याची वाणी कितीही मधुर असो, टाळलेलाच बरा.

सनदेची खातरजमा अवश्य करावी: भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र पुष्कळदा कोणत्याही नोंदणीवाचून लागलेली असते. फी, गोपनीयता, आणि आपण ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत रडताही येईल काय, हे आधी विचारावे. ज्याच्याविषयी बोलायचे तोच शेजारच्या खोलीत असेल, तर भेटीची वेळ बदलून घ्यावी. अन्याय अद्याप चालूच असल्यास क्षमेचा विषय तहकूब ठेवून प्रथम सुरक्षिततेची तजवीज करावी. मन फारच खचले असेल, तर केंद्र सरकारची २०२२ पासूनची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.