गैरहजर रुग्णाची नोंद

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव निघाले की ताडपत्रे आणि मोडी दफ्तरे आठवतात. याच संग्रहात दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीतले, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातले, नेत्ररुग्णांचे केसपेपरही आहेत. राजांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी नांदत होते. तिथल्या अनुभवातून ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही तमिळ ग्रंथमाला उभी राहिली. ग्रंथांचे मोल मोठेच, पण मला ते सुटे कागद जास्त बोलके वाटतात. रुग्ण कोण, डोळ्यात बिघाड काय, उपचार कोणता केला आणि सोबत त्या डोळ्याचे रेखाटलेले चित्र. कागद वैद्याच्या किंवा औषधाच्या नावाने उघडत नाही, रुग्णाच्या नावाने उघडतो. ‘आम्ही इतक्यांवर उपचार केले’ एवढ्यावर अशा कागदाचे भागत नाही. या एका माणसाचे काय झाले, ते त्याला सांगावे लागते.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला व्यायाम. देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत तमिळनाडूतल्या प्रौढांमधले प्रमाण १४.४ टक्के निघाले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ‘नडप्पोम नलम पेरुवोम’, म्हणजे चालू या, आरोग्य मिळवू या, ही योजना सुरू केली. सर्व ३८ जिल्ह्यांत प्रत्येकी आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग आखायचा, असे ठरले. म्हणजे राजवाड्याभोवतीच्या वस्तीतल्या मधुमेह्याला डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणाले, तर कुठे चालायचे याचे उत्तर निदान कागदावर तरी आहे. मात्र मार्ग किती किलोमीटर झाला हे मोजणे सोपे, आणि जे मोजायला सोपे तेच अहवालात जाते. त्या मधुमेह्याचे पाऊल त्या मार्गावर पडले का, हे कोण विचारणार?

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून डॉक्टर रुग्णाला चिठ्ठी देऊन व्यायामकेंद्राकडे पाठवतात, आणि तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली साधारण दहा ते सोळा आठवड्यांचा कार्यक्रम होतो. अशा ठिकाणी सेवेचा दर्जा मोजायचा म्हटले की बहुधा एक तयार पट्टी पुढे येते. मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत प्राध्यापक झालेले ए. परशुरामन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९८८ मध्ये ‘सर्व्हक्वाल’ ही प्रश्नावली मांडली. बावीस विधाने आणि पाच अंगे : सेवा विश्वासार्ह आहे का, कर्मचारी तत्पर आहेत का, त्यांच्या जाणकारीवर भरवसा बसतो का, ते आपुलकीने वागतात का, जागा आणि साधने नीटनेटकी आहेत का. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतली तफावत म्हणजे दर्जातली उणीव. पट्टी हुशारीने बनवलेली आहे, यात शंका नाही. पण ती घडली बँका, क्रेडिट कार्ड आणि दुरुस्तीची कामे यांच्या अभ्यासातून. बँकेच्या खिडकीवर माणूस स्वतःच्या गरजेने येतो. व्यायामाला धाडलेला रुग्ण बरेचदा मन मारून येतो, आणि आपल्याला काय हवे याची त्याला पुरती कल्पनाही नसते. ज्याची अपेक्षाच अंधूक, त्याची तफावत काढणार कशी?

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. प्रश्नावली भरतो तो आलेला माणूस. अर्ध्या पंगतीतून उठून गेलेल्यांना वगळून उरलेल्यांना जेवण कसे झाले म्हणून विचारावे, तसला हा प्रकार. ब्रिटनमधल्या योजनांवरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये गळतीचा हिशेब मांडला गेला. रोजच्या व्यवहारातल्या योजनांत चिठ्ठी मिळालेल्यांपैकी सरासरी ६६ टक्के लोकच केंद्रावर पोहोचले होते, आणि कार्यक्रम नेटाने चालू ठेवण्याचे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे मोठा गट समाधानाच्या तक्त्यात येतच नाही. जितके नाराज लोक लवकर गळतील, तितके उरलेल्यांचे गुण चढते! व्यायामाच्या सेवेचा दर्जा पाहायचा तर आधी गैरहजर रुग्ण पाहावा, असे माझे म्हणणे आहे. चिठ्ठी दिल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, कितवी भेट चुकल्यावर कोणी फोन केला, न येण्याचे कारण विचारले का, आणि तो निरोप चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरपर्यंत परत गेला का. हा शेवटचा दुवा बहुतेक ठिकाणी तुटलेला असतो. डॉक्टर पुढच्या भेटीत ‘चालता ना?’ विचारतात, रुग्ण मान डोलावतो, आणि गोळीचा डोस वाढतो.

यावर हमखास आक्षेप येतो : रुग्णाने आळस केला तर सेवेचा काय दोष? त्याला चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उत्तर देतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ पुरुष घेतले. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना सुरुवातीला दिला. निम्म्यांना त्यानंतर मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. दोन्हीकडची माणसे सारखीच, सल्लाही तोच. फरक पाठपुराव्याचा. मग गळतीचे सगळे खापर रुग्णाच्या माथी फोडता येत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा, आणि तो खोटा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेच्या माथ्यावर आधीच रजिस्टरांची चळत असते. पण तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना आहे. तिच्यातल्या स्वयंसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या पोचवतात. जो रुग्ण चालण्याच्या मार्गावर दिसत नाही, त्याच्या दारात ही बाई जातेच आहे. तिच्या कार्डावर ‘गेल्या आठवड्यात किती दिवस चाललात, नसाल तर का नाही’ ही एक ओळ वाढली, तर नवे खाते उघडावे लागत नाही. कारणेही मग कळतील : गुडघा, ऊन, मोकाट कुत्री, किंवा बाईमाणसाने एकटे फिरण्याचा संकोच. यातले एकही कारण बावीस विधानांत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. अशा योजनांचा मुळात उपयोग किती? आठ प्रयोगांचा २०११ चा आढावा सांगतो की परिणाम किरकोळ आणि पुरावा डळमळीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये तर सांगून टाकले की केवळ बैठ्या सवयीच्या, एरवी धडधाकट लोकांसाठी यावर पैसा घालू नका. ज्यांना आजार आहे किंवा त्याचा धोका आहे त्यांच्यासाठी घाला, पण ठरलेल्या नोंदी ठेवण्याच्या अटीवर. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. उपयोग नाही म्हणून मोजू नका, असे ती म्हणत नाही. मोजणार नसाल तर पैसे मागू नका, असे म्हणते.

आणि काय मोजायचे हेही आधी एकाच रकान्यात कोंबू नये. वेल्समधल्या राष्ट्रीय योजनेच्या प्रयोगात २,१६० रुग्ण होते. हृदयविकाराच्या धोक्यामुळे पाठवलेल्यांची हालचाल वर्षभरानंतरही वाढलेली आढळली. मानसिक त्रासासाठी पाठवलेल्यांच्या हालचालीत तसा ठोस फरक दिसला नाही, पण त्यांची उदासी आणि चिंता कमी झाली होती. नुसती मिनिटे मोजणाऱ्या केंद्राने त्यांना नापासांच्या यादीत टाकले असते.