फॉर्माल्डिहाइडाचे औद्योगिक उत्पादन

फॉर्माल्डिहाइड हा तीव्र वासाचा वर्णहीन वायू असून प्लायवुडची आसंजके, बेकेलाइट इत्यादींसाठी त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करतात. मिथेनॉलाची वाफ व हवा तापलेल्या प्लॅटिनमावरून नेऊन तो मिळविण्याची कृती ए. डब्ल्यू. होफमान यांनी १८६०–७० या दशकात शोधून काढली. आधुनिक पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

हवेत मिथेनॉलाच्या वाफेचे प्रमाण घनफळाने सु. ६ ते ३६ टक्के असल्यास मिश्रण स्फोटक असते. म्हणून एका पद्धतीत हे प्रमाण वरच्या मर्यादेपलीकडे, तर दुसरीत खालच्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली ठेवतात.

पहिल्या पद्धतीत मिथेनॉल जास्त असते व चांदी हा उत्प्रेरक (विक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ) वापरतात. सु. ६००°–७२०° से. तापमानास मिथेनॉलाच्या काही भागाचे ऑक्सिडीकरण होते व त्या उष्णतेवर उरलेल्या भागातील हायड्रोजन निघून जातो. तयार झालेला वायू तत्काळ थंड करतात, नाहीतर त्याचे अपघटन होते.

दुसरीत हवा जास्त असते व लोह-मॉलिब्डेनम ऑक्साइडे हे उत्प्रेरक असतात. सु. ३००°–४००° से. तापमानास जवळजवळ सर्व मिथेनॉलाचे रूपांतर होते. मात्र पुष्कळ हवा खेळवावी लागते.

वायू पाण्यात शोषून सु. ३७ टक्के विद्राव (फॉर्मॅलीन) करतात. त्याचे बहुवारिकीकरण होऊ नये म्हणून त्यात थोडे मिथेनॉल ठेवतात. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. त्यामुळे कारखान्यातील हवेत तो मिसळू न देणे महत्त्वाचे ठरते.