बोटांची सूज, काळजाची काळजी

आज १२ ऑक्टोबर, जागतिक संधिवात दिन. जागतिक हृदय दिन २९ सप्टेंबरलाच होऊन गेला. दोन्ही दिवसांची शिबिरं वेगळी, डॉक्टर वेगळे. रोग मात्र एकमेकांना चांगले ओळखतात.

वऱ्हाडात आता कापसाची वेचणी सुरू होईल. सकाळी तासभर जिची मूठ वळत नाही, ती बाई कापूस कशी वेचते ते जवळून पाहावं. बोटांचे मधले सांधे फुगलेले, चिमटीत जोर नाही. एका हातानं बोंड धरून दुसऱ्यानं ओढावं लागतं आणि वाळक्या बोंडाची टोकं नखाशी टोचतात. घरचे म्हणतात, ‘वात आहे, वयानं होतोच.’ हा वयाचा वात नव्हे. हा आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. ऐन तिशी-चाळिशीतही तो गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यातून होणारा दाह रक्तवाहिन्यांचं अस्तरही पोखरतो, म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट.

हा धोका ओळखायचा कसा, इथेच घोळ आहे. आमवात भडकलेला असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट खाली येतं. रिपोर्ट चांगला दिसतो, पेशंट निर्धास्त होतो आणि धोका तसाच राहतो. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेनं सांगितलं, की आजार आटोक्यात असताना तपासणी करा, निदान पाच वर्षांतून एकदा तरी, आणि हृदयविकाराचा धोका मोजणाऱ्या नेहमीच्या तक्त्यावर आलेल्या आकड्याला दीडनं गुणा. आठ टक्के आले तर बारा धरा. गुणाकार एवढाच, पण त्यानं उपचाराचा निर्णय बदलू शकतो. ब्रिटनच्या ‘क्यूरिस्क’ तक्त्यात तर २००८ पासून आमवात धरलेलाच आहे.

आपल्याकडे आजारांचा धोका मोजायला आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घराण्यातले आजार यांना गुण आहेत. सुजलेल्या सांध्यांना एकही नाही. तो एक रकाना वाढवायला यंत्र लागत नाही, की तज्ज्ञही लागत नाही. मला हा हलगर्जीपणाच वाटतो.

रुग्ण मोजकेच असतील, असं कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली. तिथे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात निघाला. २०११ च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ४७ लाख होती. तेच प्रमाण इथल्या प्रौढांना लावलं, तर पंधरा हजारांच्या आसपास माणसं होतात. अमरावतीच्या इर्विन आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत सांधे दाखवायला येणाऱ्यांचं बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल त्याच फेरीत तपासलं जावं, एवढीच मागणी आहे.

आणखी एक. आमवाताच्या रुग्णांत छातीत कळ न येताच झटका येऊन गेल्याचं जास्त आढळतं. चढ चढताना नव्यानं दम लागला, विनाकारण घाम फुटला, तर ‘वेचणीचा शीण’ म्हणून घरी थांबू नका. दुखणं थांबवणाऱ्या निनावी पुड्या बंद करा. त्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते बीपी-साखर वाढवतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र मनानं सोडू नका. पुढच्या वेळी बीपी मोजून घ्याल, तेव्हा हात पुढे करून सांगा: ‘माझी बोटं सुजतात, माझं हृदयही तपासा.’