अंगाने बारीक, तरी शुगर कशी?

‘पोट नाही, गोड खात नाही, तरी शुगर निघाली!’ गावोगावी हे ऐकायला मिळतं. त्याचं थोडं उत्तर स्नायूंत आहे. पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक चुली असतात. साखर आणि चरबी जाळून त्या अंगाला ताकद देतात. आता रानात जायला मोटारसायकल, नांगरटीला ट्रॅक्टर. अंगमेहनत घटली की या चुलीही घटतात. न जळलेली चरबी स्नायूंत, लिव्हरमध्ये साचते. मग पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच फिरते. आधी चूल मंदावते की आधी शुगर होते, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.

वरून मात्र माणूस बारीकच दिसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना तर जवळच्या खेड्यांतल्या कमी वजनाच्या बाळांतही चरबीचं प्रमाण जास्त आढळलं.

रोज भरभर चाललं तर काही आठवड्यांत चुली वाढू लागतात. शिवाय चालताना स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढतात. म्हणून जेवल्यावर लगेच आडवं होण्यापेक्षा गावातून एक फेरी बरी. चालू गोळी मात्र मनाने बंद करू नये. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर आली, तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासावी. तिशीपुढच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.