दूरचित्रवाणी मालिकांतील दृश्यपरिणाम समन्वयक : कार्यस्वरूप आणि कारकीर्द

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकेच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक, छायालेखक, संकलक इत्यादींच्या नावांनंतर ‘व्हिज्युअल इफेक्ट्स कोऑर्डिनेटर’ म्हणजेच दृश्यपरिणाम समन्वयक हे पद आढळते. माध्यमविषयक अध्यापनात या पदाची चर्चा क्वचितच होते. कलाकार प्रतिमा घडवतो आणि पर्यवेक्षक तिची कलात्मक दिशा ठरवतो, एवढ्यावर विवेचन थांबते. वस्तुतः अनेक ठिकाणी विखुरलेले काम प्रक्षेपणाच्या दिनांकापूर्वी एकत्र आणण्याची जबाबदारी समन्वयकावर असते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–१९९४) या अमेरिकन मालिकेच्या आधारे या पदाचे स्वरूप, त्यातून घडणारी कारकीर्द आणि तिचे शैक्षणिक महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पदाचे कार्यस्वरूप

समन्वयकाच्या कामाचा आरंभ संहितेपासून होतो. संहिता वाचून कोणत्या दृश्यात कोणता परिणाम लागेल याची यादी केली जाते व प्रत्येक शॉटला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. चित्रीकरणाच्या वेळी भिंग, कॅमेऱ्याची उंची, प्रकाशयोजना, निळ्या किंवा हिरव्या पडद्याचा वापर इत्यादींची नोंद ठेवली जाते. संकलन झाल्यानंतर शॉटची नेमकी लांबी फ्रेमच्या संख्येत ठरते आणि त्यानुसार काम निरनिराळ्या स्टुडिओंकडे जाते. पुढे प्रत्येक आवृत्ती पर्यवेक्षकासमोर ठेवणे, त्याच्या सूचना कलाकारांपर्यंत अचूक पोहोचवणे, खर्च व वेळ यांचा मेळ घालणे आणि मान्य झालेली अंतिम आवृत्तीच संकलकाकडे गेली आहे याची खात्री करणे, ही कामे ओघाने येतात.

चित्रपटाचे प्रदर्शन प्रसंगी पुढे ढकलता येते. मालिकेच्या भागाचा दिनांक सहसा ढळत नाही. शिवाय एका भागाचे चित्रीकरण चालू असताना आधीच्या भागांचे परिणाम पूर्ण होत असतात आणि पुढच्या भागाची संहिता हाती येत असते. ही एकाच वेळी चालणारी तिहेरी गती हे दूरचित्रवाणीतील समन्वयाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

‘नेक्स्ट जनरेशन’चे उदाहरण

या मालिकेचे सात पर्वांत १७८ भाग झाले. दृश्यपरिणामांसाठी लागणारा काळ एका भागाच्या चित्रीकरणापेक्षा अधिक असल्यामुळे दोन पथके आळीपाळीने भाग हाताळीत. एका पथकात पर्यवेक्षक रॉबर्ट लेगॅटो यांच्यासमवेत गॅरी हट्झेल, तर दुसऱ्यात डॅन करी यांच्यासमवेत रोनाल्ड बी. मूर हे समन्वयक होते.

त्या काळी अंतराळयानाचे दृश्य प्रामुख्याने प्रतिकृतीच्या चित्रीकरणातून घडत असे. ‘इमेज जी’ या स्टुडिओत संगणकनियंत्रित कॅमेरा एकाच मार्गावरून पुनःपुन्हा फिरवला जाई. एका फेरीत यानाचा पृष्ठभाग, दुसरीत खिडक्यांतील दिवे, तिसरीत इंजिनांचा प्रकाश, तर आणखी एकीत केवळ यानाची आकृती टिपली जाई. ही सर्व चित्रणे आणि पार्श्वभूमीवरील तारे यांचे संयोजन अन्यत्र व्हिडिओ फितीवर होत असे. यातील एका फेरीची नोंद चुकली तरी संपूर्ण शॉट अडत असे. तेव्हाच्या समन्वयकाला प्रतिकृतीच्या चित्रीकरणावरही देखरेख करावी लागे. त्यामुळे व्यवस्थापन आणि तंत्र या दोहोंचे शिक्षण त्याला एकाच पदावर मिळत गेले.

नोंदींचे दीर्घकालीन मूल्य

मालिकेचे मूळ चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले होते. परंतु संकलन व संयोजन ५२५ रेषांच्या व्हिडिओ प्रणालीत झाले. म्हणून उच्च सुस्पष्टतेच्या आवृत्तीसाठी तयार भाग उपयोगाचे नव्हते. २०१२ ते २०१४ या काळात मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून प्रत्येक भाग पुन्हा संकलित करण्यात आला आणि दृश्यपरिणामांचे सुटे चित्रण पुन्हा संयोजित करण्यात आले. सुटे तुकडे जपलेले असणे आणि कोणता तुकडा कोणत्या शॉटचा हे ओळखता येणे, ही या पुनर्रचनेची पूर्वअट होती. ज्या मोजक्या ठिकाणी निगेटिव्ह सापडली नाही, तेथे जुन्या फितीवरील प्रतिमाच मोठी करून वापरावी लागली. नोंद व जतन हे वरवर कारकुनी वाटणारे काम कलाकृतीचे आयुष्य ठरवते, हे यावरून सिद्ध होते.

कारकिर्दीचे टप्पे

साधारणतः निर्मिती साहाय्यक किंवा समन्वय साहाय्यक या पदावरून प्रवेश होतो. समन्वयकपदानंतर दोन वाटा फुटतात. खर्च, करार व वेळापत्रक यांत गती असलेली व्यक्ती दृश्यपरिणाम निर्मात्याच्या पदाकडे जाते. प्रतिमेची दृष्टी व तांत्रिक जाण असलेली व्यक्ती पर्यवेक्षक होते.

हट्झेल यांनी दुसरी वाट धरली. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेचे ते पर्यवेक्षक झाले. पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’साठी त्यांनी निर्मितीसंस्थेअंतर्गतच संगणकीय कलाकारांचे पथक उभारले. या मालिकेतील दृश्यपरिणामांना २००७ व २००८ असे सलग दोन वर्षे एमी पुरस्कार मिळाले. २०१६ साली त्यांचे निधन झाले. मूर हेही समन्वयकपदावरून पर्यवेक्षकपदापर्यंत पोहोचले.

मात्र आज ही वाट तितकी सरळ राहिलेली नाही. प्रतिकृतींची जागा संगणकीय प्रतिमांनी घेतल्यावर कामाचे विभाजन वाढले. समन्वयकाचा बहुतेक दिवस नोंदप्रणाली, बैठका आणि संदेश यांत जातो. कॅमेऱ्याशी येणारा प्रत्यक्ष संबंध घटला आहे. पदाचे नाव तेच राहिले, पण त्यातून आपोआप मिळणारे तांत्रिक शिक्षण कमी झाले. कामाचे दीर्घ तास हाही गंभीर प्रश्न आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मार्व्हल स्टुडिओच्या दृश्यपरिणाम कर्मचाऱ्यांनी ‘आयॅत्सी’ या कामगार संघटनेत सामील होण्याच्या बाजूने एकमताने मतदान केले, ही घटना या असंतोषाची द्योतक आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

१९९७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्राइम फोकस या संस्थेचे २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्रीकरण झाले. परदेशी निर्मितींचे, विशेषतः रोटोस्कोपी व नको असलेले घटक पुसण्याचे काम भारतात मोठ्या प्रमाणावर होते. मुंबई आणि लॉस एंजेलिस यांच्या वेळेत ऋतूनुसार साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर असते. म्हणजे तिकडील सायंकाळची सूचना येथे सकाळी हाती पडते. ती संदिग्ध असेल तर खुलासा मिळेपर्यंत एक पूर्ण दिवस वाया जातो. अशा वेळी सूचनेचा अर्थ लावून ती कलाकाराला समजेल अशा भाषेत मांडणारा समन्वयक हाच दोन्ही टोकांमधील दुवा असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी. व्होक. पदवीची योजना सुरू केली. २०२२–२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. या पार्श्वभूमीवर अभ्यासक्रम केवळ सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणापुरता मर्यादित राहू नये. संहितेचे विश्लेषण, अंदाजपत्रक, नोंदलेखन, नेमके इंग्रजी व मराठी संज्ञापन आणि श्रमविषयक हक्कांची ओळख यांचाही त्यात अंतर्भाव व्हायला हवा. येथे वाणिज्य, भाषा, संगणकशास्त्र आणि ललितकला या विभागांना एकत्र काम करण्यास वाव आहे.

समारोप

दृश्यपरिणाम समन्वयक प्रतिमा निर्माण करीत नाही. ती वेळेवर, योग्य रूपात आणि पुन्हा ओळखता येईल अशा नोंदीसह पूर्ण होईल याची काळजी घेतो. सॉफ्टवेअर काही वर्षांत कालबाह्य होते. नोंद, नियोजन व संवाद ही कौशल्ये टिकून राहतात. या पदावरून पुढे जाण्याची वाट खुली राहावी यासाठी विद्यार्थ्याला व्यवस्थापनासोबत प्रतिमेची तांत्रिक जाणही महाविद्यालयातच मिळणे आवश्यक आहे. पूर्वी जे शिक्षण कामाच्या ठिकाणी मिळत असे, त्याची जबाबदारी आता बऱ्याच अंशी अध्यापकांवर आली आहे.