हरताळ न फासणारी पोथी

पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून वर दुरुस्ती लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. वेगळी सोय केली नसेल तर डेटाबेसमध्येही हेच घडते: नवी नोंद जुनीच्या जागी बसते, जुनी पुसली जाते.

२००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक बदलाची स्वतंत्र आवृत्ती साठते. कोणी बदल केला आणि केव्हा, हेही नोंदले जाते. ‘इतिहास पहा’ उघडून कोणत्याही दोन आवृत्त्या ताडून पाहता येतात, बिघडलेला मजकूर पूर्ववत करता येतो.

शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, पण कोणता पाठ का बदलला, याची यादी मागे ठेवली नाही. ती उणीव अभ्यासकांना आजही जाणवते. म्हणून बालाघाटच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगतो, विकिपीडियावरील लेखाबरोबर त्याचा इतिहासही वाचा. मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही; काय, केव्हा आणि कशाच्या जागी आले, एवढेच दाखवतो. पाठचिकित्सेची सुरुवात तेथूनच होते.